चिखलातले कमळ

आमचे गॅरेज हमरस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली आहे. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचे आणि अण्णांच्या हातात पाने द्यायचे, हे लहानपणापासून माझे काम. अण्णांनी नंबर सांगितला की न बघता तो पाना उचलता येणे, ही माझी पहिली विद्या. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी माझा इंग्रजीचा पेपर राहिला तेव्हा मनात आले, की ही दुसरी विद्या आपल्याला जमायची नाही. आपले पानेच बरे!

त्याच दिवसांत ग्रंथालयात मोटारींच्या इतिहासावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. इंग्रजीची धास्ती होतीच, पण चित्रे मोटारींची होती. शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागले आणि त्या पुस्तकात मला कॉलिन चॅपमन भेटला. मोटारशर्यतींच्या जगात या माणसाचे नाव फार मोठे आहे. मला मात्र त्याच्या मोठेपणाआधी त्याची पहिली गाडी आवडली, कारण ती गॅरेजच्या मागे गवतात पडून राहणाऱ्या गाड्यांच्याच जातीची होती.

कॉलिनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्झी भागात रेल्वे हॉटेल नावाचे मद्यगृह चालवीत. घर खाऊनपिऊन सुखी होते. १९४५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कॉलिन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाचे अभियांत्रिकी शास्त्र शिकण्यासाठी दाखल झाला. पूल, छपरे, खांब यांच्यावर भार कसा येतो आणि तो कुठून कसा वाहून जातो, याचे हे शास्त्र. त्याबरोबरच तो विद्यापीठाच्या हवाई पथकात गेला व विमान चालवायला शिकला. मोटारींचे शिक्षण मात्र त्याला कुणी दिले नाही.

महायुद्ध नुकतेच संपले होते. नव्या मोटारी सामान्य माणसाला मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्या मोटारींना सोन्याचा भाव आला होता. कॉलिनने कॉलिन डेअर नावाच्या मित्राबरोबर जुन्या गाड्या घेऊन विकण्याचा धंदा सुरू केला. शिकता शिकता चार पैसेही गाठीला पडू लागले. पण १९४७च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींसाठीचे पेट्रोलचे रेशनच बंद केले. पेट्रोल नाही तर मोटार कोण घेणार? भाव कोसळले. हाताशी असलेल्या गाड्या मिळेल त्या किमतीला फुंकाव्या लागल्या आणि मिळवलेला नफा आला तसा गेला. एक गाडी मात्र कुणी घेतली नाही. ती होती जवळजवळ वीस वर्षांची एक ऑस्टिन सेव्हन, बंद टपाची, चारचौघींसारखी घरगुती मोटार.

ऑस्टिन सेव्हन हे इंग्लंडमधल्या साध्या संसारी माणसाचे वाहन होते. १९२२ ते १९३९ या काळात अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. इंजिन अवघे ७४७ सी. सी. म्हणजे आजच्या एखाद्या दणकट मोटारसायकलएवढे! अशी गाडी शर्यतीत घालण्याची कल्पना कुणाला वेडेपणाची वाटेल. पण कॉलिनजवळ दुसरी गाडी नव्हती आणि दुसरी घ्यायला पैसेही नव्हते.

हेझल विल्यम्स ही त्याची मैत्रीण. १९४४ साली एका नृत्याच्या कार्यक्रमात त्यांची ओळख झाली होती. तिच्या आईवडिलांच्या घरामागे एक लहानसे गॅरेज होते. तिथे ही ऑस्टिन आली आणि दोघे मिळून तिच्यावर काम करू लागले.

कॉलिनने प्रथम गाडीचा सगळा टप उतरवला. उरली चासी. ऑस्टिनच्या चासीचे दोन लांब दांडे एका बाजूने उघडे, पन्हळीसारखे होते. असा दांडा सहज पिळला जातो. झाकण काढलेला बुटांचा खोका दोन हातांत धरून पिळून पाहा, लगेच वाकडा होतो. झाकण चिकटवून टाका, मग तोच खोका दाद देत नाही. कॉलिनने उघड्या बाजूला पत्रा लावून दांडे चारी बाजूंनी बंद केले. फारसे वजन न वाढवता चासी ताठ झाली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुन्या मोटारींत टप हा नुसता भार असे. बैलगाडीवर ट्रंक ठेवावी तसा तो चासीवर ठेवलेला असे आणि चासी तो मुकाट्याने वाहून नेई. कॉलिनने विमाने पाहिली होती. विमानाला असे ओझे परवडत नाही, त्याचे अंगच भार पेलते. म्हणून त्याने प्लायवुडला अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून हलके अंग बनवले, आत तीन आडव्या भिंती घातल्या आणि त्या अंगाला चासीच्या जोडीने कामाला लावले. गाडीतल्या प्रत्येक तुकड्याला त्याने जणू एकच प्रश्न विचारला, की तू इथे कोणते काम करतोस? ज्याच्याजवळ उत्तर नव्हते तो तुकडा निघाला.

ही वाक्ये मी शब्दकोश घेऊन वाचली तेव्हा गंमत वाटली. पुलाचे गणित पुस्तकातले, विमान आकाशातले आणि जुनी ऑस्टिन गॅरेजातली. तिन्ही एका विद्यार्थ्याच्या हातात एकत्र आली. पाने आणि पुस्तक यांचे वैर असते असे मी उगाच धरून बसले होते.

या गाडीचे नाव त्याने ठेवले लोटस, म्हणजे कमळ. हेच नाव का, ते त्याने जाहीरपणे कधी सांगितले नाही. पण मला ते फार शोभून दिसते, कारण ही गाडी प्रथम उतरली ती चिखलात. त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी मोटारवाल्यांच्या ट्रायल नावाच्या स्पर्धा होत. त्यांत वेगाला फारसे महत्त्व नसे. एखादी उभी, निसरडी, चिखलाची चढण निवडायची आणि गाडी न थांबता ती चढायची. चाक थांबले की गुण गेले. गाडीत चालकाशेजारी एक सोबती असे आणि चाके घसरू लागली की तो जागच्या जागी उसळ्या मारी, म्हणजे मागच्या चाकांवर वजन पडून ती जमीन धरतात. पावसाळ्यात आमच्या वाडीच्या चढणीवर जीप फिरू लागली, की चार माणसे मागच्या फळीवर उभी राहतात. तीच ही युक्ती! १९४८ साली कॉलिनच्या शेजारी बसून चिखल अंगावर घेणारी सोबतीण होती हेझल. पुस्तकांतून तिच्यासाठी दोन-चार ओळीच असतात, पण अर्धी चढण तिच्या वजनाने चढली आहे हे विसरून चालणार नाही.

त्या चिखलात लोटसने लहानसहान बक्षिसे मिळवली. कॉलिनच्या परीक्षेचा निकाल मात्र वेगळा लागला. १९४८ साली तो शेवटच्या वर्षी गणितात नापास झाला आणि पदवी न घेताच कॉलेजबाहेर पडला. भाराचे गणित गाडीत उतरवणारा मुलगा गणिताच्याच पेपरात पडला! त्याने तो विषय तिथेच सोडला नाही. पुन्हा अभ्यास केला, १९४९ साली पुन्हा परीक्षेला बसला आणि पदवी घेतली. हे पान वाचले त्या रात्री मी माझी इंग्रजीची वही पुन्हा काढली.

पुढे काही काळ तो हवाई दलात होता. तिथे कायमची नेमणूक मिळत असताना ती त्याने नाकारली आणि अॅल्युमिनियमच्या एका कंपनीत नोकरी धरली. दिवसा नोकरी, रात्री मोटारी. १९५१ साली त्याने ऑस्टिनच्याच आधाराने हौशी शर्यतींसाठी तिसरी गाडी बनवली. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून आत येणाऱ्या वायूची एकच वाट होती. कॉलिनने मध्ये पडदा घालून वाटा वेगळ्या केल्या. गाडी इतकी पळू लागली, की पुढे संस्थेला नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली.

१९५२ साली लोटस कंपनी उभी राहिली. भांडवल होते २५ पौंड आणि तेही हेझलने उसने दिलेले. जागा होती वडिलांच्या हॉटेलामागचा जुना तबेला. १९५४ साली दोघांचा विवाह झाला. १९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी गाडी निघाली. ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडता येत असे, म्हणजे गिऱ्हाइकाचा विक्रीकर वाचे. आपल्यासारख्याच हौशी, खिसा हलका असलेल्या पोरांचा विचार त्याने केला होता.

पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. १९६२ साली त्याने लोटस २५ ही शर्यतीची गाडी आणली. तिला नळ्यांचा सांगाडा नव्हता, तिचे कवचच सांगाड्याचे काम करी. पहिल्या ऑस्टिनच्या प्लायवुडच्या अंगातले बीज असे वर आले. या गाडीवर जिम क्लार्कने १९६३ साली जगज्जेतेपद मिळवले. १९६५ साली त्याने ते पुन्हा जिंकले, शिवाय अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही लोटसवर मारली. १९६३ ते १९७८ या काळात लोटसने गाड्या बनवणाऱ्यांचे जगज्जेतेपद ७ वेळा मिळवले.

इथे थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता. पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. जो प्रश्न कॉलिनने ऑस्टिनला विचारला, तोच तो पुढे फार ताणून विचारू लागला. अजून हलके, अजून हलके! १९६९ साली बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही आदळल्या. वाचलेल्या योखेन रिंटने चॅपमनला पत्र लिहून कळवले, की गाड्या पुरेशा वेगवान आहेत, दुबळ्या जागी थोडे वजन वाढवले तरी चालेल. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, इटलीतील मोंझा येथे सरावात रिंटची लोटस कठड्यावर आदळून तो मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे चौकशीत निघाले. कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याच्या मृत्यूनंतर त्याला मिळाले. त्याआधी ७ एप्रिल १९६८ रोजी जिम क्लार्कही जर्मनीत लोटसमध्येच गेला होता. तो चॅपमनचा जिवलग मित्र होता.

शेवटची वर्षेही काळवंडली. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या डिलोरियन मोटारीचे काम लोटसकडे आले आणि त्यातला मोठा पैसा भलतीकडे वळल्याचे उघड झाले. हिशेब पुरता बाहेर येण्याआधी, १६ डिसेंबर १९८२ रोजी, हृदयविकाराने चॅपमनचा अंत झाला. वय ५४. दहा वर्षांनी, १९९२ साली, याच प्रकरणात लोटसच्या आर्थिक कारभाऱ्याला तुरुंगवास झाला.

मी हे सारे अण्णांना सांगितले. ते बराच वेळ हातातले चाक बसवत राहिले. आसाच्या नटला त्यांनी नेहमीप्रमाणे पिन घातली, तिची टोके वळवली आणि पुन्हा एकदा बोटाने चाचपून पाहिली. ही पिन चिमूटभर वजनाची. गाडी चालते ती तिच्याशिवायही. पण किती दिवस, हे कुणी सांगावे? चॅपमनला काय काढावे हे जगात सर्वांआधी कळले. काय ठेवावे हे कळायला माणसाजवळ आणखी काहीतरी लागते. ते पुस्तकात किती मिळते आणि गॅरेजात किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

माझा इंग्रजीचा विषय यंदा सुटला. गॅरेजच्या मागे एक पद्मिनी कित्येक वर्षे पडून आहे. तिच्या बॉनेटमधून आता वेल बाहेर आली आहे. ती मला द्याल का, असे मी अण्णांना विचारले. ते काही बोलले नाहीत. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा वेल कापलेली होती आणि गाडी चार ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली होती.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)