वर्णलेखनाचे जनक मिखाईल त्स्वेत

रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थ रंग असा आहे. ज्या पुरुषाने पानांतील रंग परस्परांपासून विलग करून दाखविले, त्याचे आडनावही तेच असावे, हा योगायोग मोठा मौजेचा होय.

मिखाईल यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. पिता रशियन, माता इटालियन. मातेचे छत्र लवकरच हरपले व त्यांचे बालपण स्वित्झर्लंडमध्ये गेले. १८९६ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरची पदवी संपादून ते रशियास गेले, तो तेथे ती परकीय पदवी कोणी मानीना! त्यांनी हट्टाने पुन्हा प्रबंध लिहून १९०१ मध्ये कझान येथे नवी पदवी मिळविली. पुढे वॉर्सा येथे त्यांस अध्यापनाचे काम मिळाले.

तेथेच १९०३ मध्ये त्यांनी आपली पद्धती विद्वानांपुढे मांडली. काचेच्या बारीक नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, वस्त्रगाळ पूड ठासून भरावयाची. वरून पानांचा अर्क ओतावयाचा व मागून शुद्ध द्रावक सोडावयाचा. पुडीला कमी चिकटणारे द्रव्य भरभर खाली उतरते, अधिक चिकटणारे मागे रेंगाळते. पाहता पाहता हिरव्या अर्कातून पिवळे, निळसर हिरवे व पिवळसर हिरवे पट्टे वेगळे होतात. १९०६ मध्ये त्यांनी या रीतीस नाव दिले, तेच आपले वर्णलेखन अथवा क्रोमॅटोग्राफी. त्यांच्या आवडत्या द्रावकांपैकी कार्बन डायसल्फाइड हा अल्प उष्णतेनेही पेट घेणारा व मज्जातंतूंस अपाय करणारा द्रव आहे. विद्यार्थ्यांनी त्यास हात न लावलेला बरा.

रसायनज्ञांनी मात्र या वनस्पतिशास्त्रज्ञाची उपेक्षाच केली. पोलंडचे मार्चलेव्हस्की यांनी तर कठोर टीका केली. त्यातच १९१५ मध्ये जर्मन फौजा वॉर्सात शिरल्या व त्स्वेत यांस घर आणि प्रयोगशाळा सोडून निघावे लागले. १९१७ मध्ये युर्येव येथे प्राध्यापकपद लाभले. पण पुढल्याच वर्षी तेथेही जर्मन फौजा आल्या. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझ येथे, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

१९३१ मध्ये हायडेलबर्ग येथे कून व लेडरर यांनी ती विस्मृत पद्धती पुन्हा उजेडात आणली. आज गोव्यातील औषधांच्या कारखान्यांतही तिचीच द्रवरूप आवृत्ती औषधाची शुद्धता पारखते.

त्स्वेत यांस पट्टे डोळ्यांनी दिसत. म्हणजे त्यांचा डिटेक्टर त्यांचा स्वतःचा डोळाच होता. बिनरंगी द्रव्यांकरिता आता तेथे अतिनील प्रकाशाचा ड्युटेरियम दिवा व इवलीशी क्वार्ट्झची कुपी असते. हा प्रकाश उघड्या डोळ्यांस घातक. म्हणून दिवा बदलावयाचा तर आधी वीज तोडावी, तो पुरता निवू द्यावा व मगच झाकण काढावे. काचेस बोटे लावू नयेत, कारण त्वचेचे तेल तापून तिजवर डाग बसतो. क्षारयुक्त द्रव कुपीत तसाच सुकू दिल्यास खडे जमतात. तेव्हा काम संपताच ती शुद्ध पाण्याने धुऊन घ्यावी, मात्र जास्त दाब देऊ नये, नाही तर ती तडकते. टाकाऊ द्रावक मोरीत न ओतता झाकणाच्या भांड्यात, ज्योतीपासून दूर साठवावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस आताच सांगून ठेवतो. त्यांपैकी काहीजण उद्या त्याच यंत्रापुढे उभे असतील.