अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

अंबड परिसरातील तांड्यावस्त्यांवरून एखादे लहान मूल आमच्या निवासी शाळेत प्रथम येते, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस ते बोलतच नाही. घरची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी. अशा वेळी आम्हांला ताराबाई मोडक यांचे स्मरण होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले व १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरी पद्धती त्यांनी स्वीकारली होती. परंतु तिची महागडी साधने गरिबांच्या मुलांना परवडणारी नव्हती.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना सहकारी लाभल्या. वेठबिगारीविरुद्ध वारली समाज उठला, तेही हेच वर्ष. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले.

वारली मुले शाळेत येत नसत. कुणी गुरे राखी, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळी. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही, शाळाच बदलली. ती पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी झाली. ती गुराख्यांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा झाली. खडे, पाने, शिंपले, बिया हीच साधने ठरली. आदिवासी मुलाचे घर, श्रम आणि परिसर ही शिक्षणातील अडचण नसून शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. नाव पोहोचले, पण मुलाच्या बोलीला वर्गात मान मिळतो का, हा प्रश्न अजून उरलाच आहे.

तथागतांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला. त्यांच्या मार्गाने चालू पाहणाऱ्या आमच्या शाळेने तरी नव्या मुलाला गप्प करण्यापूर्वी त्याची बोली ऐकावी. आमच्या मते ताराबाईंना हेच खरे अभिवादन होय.