पदवीविना संगीतशास्त्रज्ञ

वाशीमच्या विद्यार्थ्याला आज संगीतात पीएच. डी. करायची तर पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारणपणे किमान ५५ टक्के गुण, त्यानंतर कोर्सवर्क, प्रबंध आणि मौखिक परीक्षा असे टप्पे पार करावे लागतात. मात्र ज्यांच्या ग्रंथांवाचून असा प्रबंध क्वचितच पुरा होतो, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यापाशी पदवी होती ती कायद्याची.

१० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे १८८७ मध्ये एलएल. बी. झाले. पत्नी व एकुलती कन्या निवर्तल्यावर त्यांनी वकिली सोडली. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. १९०७ च्या दौऱ्यात नागपूरलाही आले. जुन्या पोथ्या धुंडाळणे तसे सोपे. घराण्याची विद्या जपून ठेवणाऱ्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरविणे कठीण. तरीही 'क्रमिक पुस्तकमालिके'त शेकडो बंदिशी आल्या. त्यांच्या दहा थाटांत अनेक राग नीट बसत नाहीत, हा आक्षेप रास्तच. पण अभ्यासक्रम अजून त्याच थाटांवर उभे आहेत.

१९१६ मध्ये बडोद्याची संगीत परिषद आणि १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय ही त्यांच्याच प्रयत्नांची फळे. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लखनौचे ते महाविद्यालय आता त्यांच्या नावाचे विद्यापीठ असून तेथे संगीतात पीएच. डी. करता येते.