धर्मप्रांत नसलेले आर्चबिशप : ओलाउस माग्नुस

ट्रेंटच्या विश्वपरिषदेचे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकले असेल. 13 डिसेंबर 1545 रोजी ह्या परिषदेचा प्रारंभ झाला, तेव्हा मोजकेच धर्माधिकारी हजर होते. युद्धांमुळे आणि राजेलोकांच्या भांडणांमुळे बरेच जण आलेच नव्हते. त्या दिवशी जे हजर होते त्यांत आर्चबिशप अवघे चार. आणि त्या चारांपैकी दोघांना आपल्या धर्मप्रांतात पाय ठेवण्याची सोय नव्हती. एक आयर्लंडमधील आर्माचे रॉबर्ट वॉकोप आणि दुसरे स्वीडनमधील उप्सालाचे ओलाउस माग्नुस. ह्या दुसऱ्या आर्चबिशपांची ही कहाणी आहे. त्यांचे नाव भूगोलाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. आपल्या भाविकांना मात्र ते फारसे परिचित नाही.

उप्सालाच्या पीठाविषयी आधी थोडेसे सांगायला हवे. युरोपच्या उत्तर टोकाला ख्रिस्ताची सुवार्ता उशिरा पोहोचली. स्वीडनला स्वतःचा आर्चबिशप मिळाला तो 1164 साली. पहिले आर्चबिशप स्टेफन हे सिस्टर्शियन संघाचे मठवासी होते. त्यांचा अभिषेक फ्रान्समधील सेन्स ह्या शहरी झाला, कारण पोप अलेक्झांडर तिसरे हे स्वतःच तेव्हा रोमबाहेर, निर्वासित म्हणून तेथे राहत होते. उप्सालाच्या परंपरेची सुरुवातच अशी परागंदा अवस्थेत झाली. पुढे ह्याच भूमीत संत ब्रिजिता जन्मली. तिने वाडस्टेना येथे मठाचा पाया घातला, आयुष्याची अखेरची वर्षे रोममध्ये काढली आणि 1373 साली तेथेच देह ठेवला. तिचे रोममधील ते घर आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

ओलाउसचा जन्म 1490 साली लिंकोपिंग ह्या गावी झाला. वडिलांचे नाव मोन्स. त्यावरून मुलांनी लॅटिन पद्धतीने माग्नुस असे आडनाव लावले. थोरले बंधू योहान्नेस त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. दोघेही धर्मगुरू झाले, दोघेही परदेशी शिकले आणि जन्मभर एकमेकांना धरून राहिले. जर्मनीतील शिक्षण आटोपून ओलाउस मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्यावर एक काम सोपवण्यात आले. पोपमहोदयांचे प्रतिनिधी आर्चिम्बोल्दी हे उत्तरेकडील देशांत दंडमुक्तीची पत्रे देऊन निधी गोळा करीत होते. त्यांच्या वतीने ओलाउस 1518 आणि 1519 ह्या वर्षांत स्वीडन-नॉर्वेच्या अगदी उत्तर भागात फिरले. दंडमुक्तीचा हा व्यवहार ख्रिस्तसभेच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट नाही, हे आपण मान्य केलेले बरे. पण त्या प्रवासात ह्या तरुण धर्मगुरूने जे पाहिले ते त्यांच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभर हलले नाही. महिनोन्महिने न वितळणारे बर्फ, पायाला लांब लाकडी फळ्या बांधून डोंगर उतरणारी माणसे, गाईसारखी दुभती रेनडिअर हरणे, उन्हाळ्यात रात्रीही न मावळणारा सूर्य.

त्यानंतर ते राजधानी स्टॉकहोमच्या मोठ्या चर्चमध्ये सेवा करू लागले आणि तेथेच त्यांच्या नजरेसमोर तो भयंकर प्रसंग घडला. नोव्हेंबर 1520 मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिस्तियान ह्याने स्टॉकहोम जिंकून आपला राज्याभिषेक करवून घेतला. सर्वांना माफी जाहीर केली. मग मेजवानीनंतर दारे बंद झाली. उप्सालाचे तेव्हाचे आर्चबिशप गुस्ताव ट्रोल्ले ह्यांनी आपल्या जुन्या विरोधकांवर पाखंडाचा आरोप ठेवला आणि त्या आरोपाच्या आधारे राजाने दोन दिवसांत ऐंशीहून अधिक लोकांची मुंडकी उडवली. मृतांत दोन बिशपही होते. एका आर्चबिशपांच्या तक्रारीवरून इतके रक्त सांडले! स्वीडनमध्ये पुढे जे घडले त्याचे खापर केवळ ल्यूथरच्या शिकवणीवर फोडणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. लोकांच्या मनातून उप्सालाचे पीठ त्याच दिवशी उतरले.

ज्यांचा वध झाला त्यांच्यापैकी एकाचा मुलगा होता गुस्ताव वासा. त्याने बंड केले, डेन्मार्कच्या फौजेला हाकलले आणि 1523 साली तो स्वीडनचा राजा झाला. ट्रोल्ले देश सोडून पळाले होते. त्याच वर्षी पोप सहावे एड्रियन ह्यांनी योहान्नेस माग्नुस ह्यांना आपला दूत म्हणून स्वीडनला पाठवले. एड्रियन हे एके काळी योहान्नेसचे प्राध्यापक होते. नव्या राजाला आणि उप्सालाच्या धर्मगुरूंना हा विद्वान, सौम्य माणूस आवडला आणि त्यांनी त्यांची आर्चबिशपपदी निवड केली. आता रोमची मान्यता हवी होती. ती आणण्यासाठी राजाने ओलाउसला रोमला पाठवले.

येथे गाडी अडली. रोमचे म्हणणे असे की ट्रोल्ले हेच कायदेशीर आर्चबिशप आहेत, त्यांना परत घ्या. राजाचे म्हणणे असे की ज्या माणसाने माझ्या बापाचा बळी घेतला त्याला मी कसा परत घेऊ? ह्या बाबतीत आमची सहानुभूती राजाकडे जाते हे कबूल करायला हवे. रोमने थोडी लवचीकता दाखवली असती तर इतिहास बदलला असता काय, हे कोण सांगणार? पण राजाचाही हेतू शुद्ध नव्हता. युद्धासाठी त्याने ल्यूबेक शहराकडून मोठे कर्ज काढले होते आणि ते फेडायला त्याला ख्रिस्तसभेची चांदी, जमिनी आणि बिशपांचे किल्ले हवे होते. विटेनबर्गहून ल्यूथरचे विचार घेऊन आलेले ओलाउस पेत्री आणि त्यांचे बंधू लाउरेन्तियुस पेत्री हे दोघे राजाला हवेच होते. म्हणजे भावांच्या दोन जोड्या आणि दोन्हीकडे एकेक ओलाउस. हे दोन्ही ओलाउस स्ट्रेंगनेस ह्या एकाच कॅथेड्रलशी संबंधित होते. एक तेथील डीन, दुसरा तेथील शाळेचा शिक्षक.

ओलाउस रोमला गेले ते पुन्हा मायदेशी परतलेच नाहीत. काही काळ राजाच्याच कामानिमित्त ते ल्यूबेक आणि नेदरलँड्स येथे फिरत राहिले. 1526 साली राजाने योहान्नेसलाही वकिलातीच्या नावाखाली पोलंडला धाडले. वरवर हा मान होता, प्रत्यक्षात ती हद्दपारीच होती. पुढच्याच वर्षी वेस्तेरोस येथील सभेत ख्रिस्तसभेची मालमत्ता राजाच्या ताब्यात गेली. दोघे भाऊ आज पोलंडमध्ये असलेल्या दान्झिग शहरात राहू लागले. राजाची मर्जी राखून, नवी शिकवण स्वीकारून ओलाउस परत जाऊ शकले असते. अनेकांनी तसेच केले आणि त्यांना पदे मिळाली. ओलाउसने ते नाकारले आणि 1530 साली त्यांची सारी मालमत्ता जप्त झाली. 1531 साली राजाने लाउरेन्तियुस पेत्री ह्यांना उप्सालाचे आर्चबिशप नेमले. योहान्नेसचा अभिषेक रोममध्ये झाला तो 1533 साली. म्हणजे एका पीठाचे दोन आर्चबिशप झाले : एक उप्सालात, दुसरा दान्झिगमध्ये भाड्याच्या घरात.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. पेत्री ह्यांच्यावर हात ठेवून त्यांचा अभिषेक करणारे बिशप पेत्रुस माग्नी हे स्वतः 1524 साली रोममध्ये बिशप झाले होते. ते त्याआधी तेथील संत ब्रिजिताच्या घराची व्यवस्था पाहत असत. स्वीडनमधील ल्यूथरपंथीय आपल्या बिशपांची साखळी अखंड असल्याचे सांगतात ते ह्याच दुव्यामुळे. आपली ख्रिस्तसभा तो दावा मान्य करीत नाही. पण शेजारच्या डेन्मार्कमध्ये ही साखळी तुटली आणि स्वीडनमध्ये तिचे महत्त्व राखले गेले, हे खरे आहे.

दान्झिगच्या त्या रिकाम्या दिवसांत ओलाउसने एक विलक्षण काम हाती घेतले. त्यांच्या ध्यानात आले होते की इटली, जर्मनी वा फ्रान्समधील लोकांना उत्तरेकडील देशांविषयी काहीच माहिती नाही. ज्या लोकांचे नाव-गावही ठाऊक नाही त्यांच्यासाठी कोण प्रार्थना करणार, कोण धावून जाणार? म्हणून त्यांनी उत्तरेचा नकाशा काढायला घेतला. त्याला बारा वर्षे लागली. 1537 साली विश्वपरिषद भरणार अशी बातमी आल्यावर दोघे भाऊ इटलीला आले. परिषद पुढे ढकलली गेली. व्हेनिसचे पेट्रिआर्क केरिनी ह्यांनी त्यांना आसरा दिला आणि तेथेच 1539 साली तो नकाशा छापला गेला. नऊ लाकडी ठशांवरून छापलेला, सुमारे पावणेदोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. त्याला कार्ता मारिना म्हणजे सागरी नकाशा असे म्हणतात. त्यात स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड तर आहेतच. शिवाय बर्फावरून धावणाऱ्या घसरगाड्या, मासे सुकवणारे कोळी आणि समुद्रात अक्राळविक्राळ प्राणीही आहेत. एका देवमाशाला बेट समजून खलाशांनी त्याच्या पाठीवर चूल पेटवली आहे! आपल्या कोळी बांधवांना तो नकाशा दाखवला तर ते नक्की हसतील. पण ह्याच नकाशात आइसलँडच्या पूर्वेला पाण्याचे जे भोवरे काढले आहेत, ते तेथील थंड आणि उष्ण प्रवाहांच्या खऱ्याखुऱ्या संगमाशी जुळतात, असे 2003 साली समुद्रशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उत्तरेकडील खलाशांकडून ऐकून त्यांनी ते टिपले असावेत.

योहान्नेस 1544 साली रोममध्ये वारले. पोप तिसरे पॉल ह्यांनी त्यांच्या जागी ओलाउसची नेमणूक केली. उप्सालाचे कॅथेड्रल, तेथील धर्मगुरू, तेथील भाविक ह्यांपैकी काहीही त्यांच्या हाती येणार नव्हते. ही नेमणूक पोकळ होती, असे कोणी म्हणेल. पण नाव जिवंत ठेवले नाही तर हक्कही मरतो, हे ओलाउस जाणून होते. म्हणून ते ट्रेंटला जाऊन बसले आणि परिषद बोलोन्याला हलली तेव्हा तिच्याबरोबर गेले. स्वतःचे उत्पन्न नसल्याने पोपमहोदयांच्या तिजोरीतून मिळणाऱ्या मदतीवर त्यांचा निर्वाह चाले.

1549 साली ते रोमला परतले आणि संत ब्रिजिताच्या त्याच जुन्या घरात राहू लागले. त्यांनी तेथे छापखाना बसवला. आधी थोरल्या भावाने लिहिलेला स्वीडनच्या राजांचा इतिहास 1554 साली छापला. मग 1555 साली स्वतःचा मोठा ग्रंथ, उत्तरेकडील लोकांचा इतिहास. त्याचे बावीस भाग आहेत आणि शेकडो चित्रे आहेत. हा ग्रंथ चाळताना जाणवते की लिहिणारा साठी उलटलेला माणूस डोळे मिटून आपला गाव आठवत आहे. मुले बर्फाचा किल्ला बांधून लढाई खेळतात. हिमाचे कण किती तऱ्हांचे असतात ते चित्रासह दाखवले आहे; युरोपात अशी चित्रे छापण्याची ही पहिलीच वेळ. दूर रानात राहणारे आईबाप तान्ह्या मुलांना टोपल्यांत घालून, पायांना फळ्या बांधून, बाप्तिस्म्यासाठी चर्चची वाट धरतात. पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी झोपून राहतात, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. ते अर्थातच चुकीचे. पण त्या काळी शहाण्यांनाही तसे वाटत असे. ह्या ग्रंथाची इटालियन, जर्मन आणि पुढे इंग्रजीतही भाषांतरे झाली. पूर्ण स्वीडिश भाषांतर मात्र विसाव्या शतकात निघाले.

थोरल्या भावाच्या पुस्तकाचीही गंमत सांगण्यासारखी आहे. त्यात योहान्नेसने देशाभिमानाच्या भरात कितीतरी काल्पनिक राजे घुसवले होते. त्यांना हाकलणाऱ्या गुस्ताव वासाचा मुलगा एरिक 1560 साली गादीवर आला, तेव्हा त्याने ह्याच पुस्तकातील यादी मोजून स्वतःला चौदावा एरिक म्हणवले. स्वीडनच्या राजांच्या नावांपुढील आकडे आजही त्याच मोजणीवर चालतात. ज्यांना देशात येऊ दिले नाही त्यांचे पुस्तक राजवाड्यात जाऊन बसले!

1557 साली त्या छापखान्यातून संत ब्रिजिताच्या साक्षात्कारांचा ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच वर्षी 1 ऑगस्टला ओलाउस माग्नुस प्रभुवासी झाले. व्हॅटिकनच्या सेंट पीटर मंदिरात थोरल्या भावाच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. त्यांच्यानंतर उप्सालासाठी रोमने आर्चबिशप नेमला नाही.

त्यांच्या नकाशाच्या सर्व प्रती नष्ट झाल्या असेच लोक धरून चालले होते. 1886 साली म्युनिक येथे एक सापडली. दुसरी स्वित्झर्लंडमध्ये मिळाली आणि 1962 साली ती विकत घेऊन उप्सालाच्या विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयात ठेवली. आर्चबिशप कधी उप्सालाला पोहोचले नाहीत, त्यांचा नकाशा पोहोचला. रोममधील ब्रिजिताचे ते घर मधल्या काळात इतरांच्या हाती गेले होते. 1931 साली मूळच्या ल्यूथरपंथीय असलेल्या स्वीडिश धर्मभगिनी एलिझाबेथ हेसेलब्लाड ह्यांनी ते पुन्हा आपल्या संघाकडे आणले. 2016 साली त्या संत म्हणून घोषित झाल्या. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस स्वीडनमधील लुंड येथे गेले आणि तेथील कॅथेड्रलमध्ये ल्यूथरपंथीयांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले. तेव्हा उप्सालाच्या पीठावर आन्ट्ये याकेलेन ह्या बाई होत्या, त्या पीठावर बसलेल्या पहिल्या स्त्री. स्टॉकहोमचे कॅथलिक बिशप आंडेर्स आर्बोरेलियुस हेही तेथे होते. 1998 साली त्यांचा अभिषेक झाला तेव्हा, धर्मसुधारणेच्या काळानंतर प्रथमच, स्वीडनला स्वीडिश वंशाचा कॅथलिक बिशप मिळाला होता.