गाऱ्हाण्याला वाट देणारा माणूस

रविवारची सुटी आज कारकुनाला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला सूर्योदयाइतकीच स्वाभाविक वाटते. ती कोणी मागितली, कोणाकडे मागितली आणि मिळेपर्यंत किती वर्षे गेली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुटी देण्याचे गिरणीमालकांच्या संघाने मान्य केले ते १० जून १८९० रोजी. त्यामागे सहा वर्षांचे प्रयत्न होते आणि त्या प्रयत्नांचे धुरीण होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. या जागेवरील माणूस मालकाचा हिशेब सांभाळतो आणि त्याच वेळी खात्याखात्यांतून येणाऱ्या कामगारांचे चेहरेही रोज पाहतो. लोखंडे यांनी हे चेहरे नुसते पाहिले नाहीत, ते लक्षात ठेवले.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. त्यानंतरच्या तीन दशकांत गिरण्या वाढल्या, परंतु आत राबणाऱ्या माणसाला कोणताही नियम लाभला नाही. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा सूर्य हेच घड्याळ. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही तेरा-चौदा तासांचे. पगार महिना उलटून गेल्यावरही दिवसचे दिवस अडकून पडत असे. यंत्रात हात सापडला तर कामगाराने घरी बसावे आणि कर्ज काढावे. भरती जॉबरच्या हाती असल्याने त्याला दस्तुरी चारल्यावाचून काम लागत नसे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली व त्यांच्याहून मोठ्या मुलांचे तास नऊवर आणले. प्रौढ कामगाराचे तास मात्र त्याने मोकळेच सोडले.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे लोखंडे हे निष्ठावंत कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० मध्ये त्यांनी आपल्या हाती घेतले आणि मुंबईतून चालविले. १८८४ साली मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याच्या चौकशीसाठी कमिशन नेमले, तेव्हा ही संधी त्यांनी ओळखली. त्या वर्षी सप्टेंबरच्या २३ व २६ तारखांना कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला.

त्या अर्जातील मागण्या आजही बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. आठवड्यातून रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखम झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. यातील कोणतीही मागणी मालकाच्या दयाबुद्धीवर सोडलेली नाही. घड्याळ, पंचांग आणि हजेरीपुस्तक यांच्या साह्याने जी पाळली की मोडली हे कोणालाही ठरविता येईल, अशीच प्रत्येक मागणी आहे. न्याय म्हणजे वरिष्ठाचा चांगला स्वभाव नसून सर्वांना ठाऊक असलेला नियम होय, ही जाण त्या अर्जात दिसते.

मार्ग मात्र सोपा नव्हता. हिंदुस्थानातील गिरण्यांवर निर्बंध यावेत असा लँकेशायरच्या कारखानदारांचा आग्रह होता आणि त्यामागे त्यांचा स्वार्थ होता. त्यामुळे अनेक देशी पुढारी व वृत्तपत्रे फॅक्टरी कायद्याला विरोध करीत. अशा वेळी कामगाराचे दुःख बोलून दाखविणे म्हणजे परक्यांच्या हाती कोलीत देणे, असा आरोप होण्याचा धोका होता. परंतु लँकेशायरचा हेतू खोटा म्हणून परळच्या कामगाराची भूक खोटी ठरत नव्हती. लोखंडे मागे हटले नाहीत.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणे केली. सुटीचा अर्ज मालकांच्या संघाकडे गेला आणि दीड-दोन महिन्यांत मागणी मान्य झाली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनवर लोखंडे यांना सहकारी सदस्य म्हणून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ दिले, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आणले.

या माणसाची खरी कसोटी त्यानंतर लागली. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला आणि गिरणगावही त्यात होरपळले. एकाच साच्याशेजारी उभे राहणारे हात एकमेकांवर उगारले गेले. मालकाशी झगडणे एक आणि आपल्याच माणसांतील वैर शमविणे वेगळे. दुसऱ्या कामात टाळ्या मिळत नाहीत. लोखंडे यांनी दोन्ही समाजांत फिरून सलोख्यासाठी कष्ट घेतले. सरकारने त्यांना पुढे रावबहादूर हा किताब दिला.

त्यांच्या कार्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. त्यांच्या गिरणी कामगार संघाला लिखित नियम नव्हते, वर्गणी नव्हती, सभासदांची नोंद नव्हती. सारा भार एका माणसावर होता. मुंबईत प्लेग आला, लोखंडे रोग्यांच्या मदतीला धावले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने, पन्नाशी गाठण्यापूर्वी, ते गेले. त्यांच्याबरोबर संघही ओसरला. मालकांकडून नियम मागणाऱ्या या पुढाऱ्याला स्वतःच्या संस्थेसाठी नियम घालून देण्याइतका अवधी मिळाला नाही.

कचेरी असो, शाळा असो की कारखाना, माणसे एकत्र आली की मतभेद होणारच. ते दडपले तर कुजबुज होते, कुजबुजीचे तट पडतात आणि एक दिवस क्षुल्लक निमित्ताने भडका उडतो. तक्रार लिहून घेणे, ती दोन्ही बाजूंसमोर वाचणे, मुदतीत निर्णय देणे आणि तो सर्वांना सारखा लागू करणे, एवढी शिस्त पाळली तर निम्मी भांडणे सुरू होण्यापूर्वीच मिटतील. लोखंडे यांच्या गौरवार्थ २००५ साली टपाल तिकीट निघाले, परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव मिळाले. हे योग्यच झाले. परंतु त्यांचे खरे ऋण फिटेल ते प्रत्येक कामाच्या ठिकाणी सर्वांत खालच्या माणसाचा अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचू लागेल आणि त्याला उत्तर मिळेल तेव्हाच.