फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली. संगीताने पलुस्करांना कसे सावरले?

किशोरवयीन मुलांना भावना सांभाळता याव्यात म्हणून आज संगीतोपचाराचा आधार घेतला जातो. हा शब्दही रुळला नव्हता, तेव्हाचे उदाहरण म्हणजे पं. विष्णू दिगंबर पलुस्कर.

त्यांचा जन्म १८७२चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शिक्षण थांबले. मग मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. पुस्तक वाचता येत नसले, तरी कान शाबूत होते. रोजच्या रियाजातून आयुष्याला नवी दिशा मिळाली.

१९०१मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांबाहेरच्या सामान्य मुलांसाठी गाण्याचे दार उघडले. १९३१मध्ये त्यांचे निधन झाले.

ऐकणे, थांबणे, दुसऱ्याच्या लयीत मिसळणे. संगीतोपचारात मुले आज हेच शिकतात.