सुट्टीसाठी कॅमेरा घेतला, ती सुट्टी राहिलीच. पण त्यामुळं जगाच्या प्रत्येक सहलीत कॅमेरा पोहोचला

साल १८७७. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमन नावाचा २३ वर्षांचा पोरगा बँकेत क्लार्क होता. पाई-पाईचा हिशोब वहीत लिहिणारा, उधळपट्टीशी दूरदूरचा संबंध नसलेला. अशा माणसानं त्या वर्षी ठरवलं की मोठी सुट्टी काढायची आणि कॅरिबियन बेटांवरच्या सँटो डोमिंगोला जाऊन यायचं.

ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, एवढ्या लांब जातोयस तर फोटो काढून आण.

जॉर्जनं ते मनावर घेतलं. कॅमेरा आणि सोबतचं सगळं सामान घ्यायला त्यानं ४९ डॉलर ५८ सेंट मोजले. हे सामान वापरायचं कसं, ते शिकायला गावातल्या एका फोटोग्राफरची पाच डॉलर फी भरली. आणि मग सँटो डोमिंगोचा बेत रद्द झाला.

सामान मात्र घरात येऊन पडलं होतं.

आता सामान म्हणजे काय, ते आधी समजून घेऊया. कॅमेरा आजच्या मायक्रोवेव्ह ओव्हनएवढा. त्याला पेलणारा जडशीळ स्टँड. काचेच्या प्लेटा, केमिकलच्या बाटल्या, काचेची टाकी, पाण्याचा जार आणि वर एक तंबू. तंबू राहायला नाही, तर अंधार करायला. कारण तेव्हा वेट प्लेटची पद्धत होती. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत शिरून धुवायची. काच वाळली की फोटो गेला. हातात वेळ असायचा जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा, आणि उन्हाळ्यात तर त्याहून कमी. म्हणजे ज्या दिवसांत लोक भटकायला बाहेर पडतात, त्याच दिवसांत फोटो काढणं सगळ्यात अवघड.

सँटो डोमिंगो राहिलं, पण पुढं हे बिऱ्हाड घेऊन जॉर्ज ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावर गेला. तिथं समुद्रकड्यासारखी एक नैसर्गिक दगडी कमान आहे. सिल्व्हर नायट्रेटची बाटली त्यानं जपून कपड्यांत गुंडाळून नेली होती. ती वाटेत गळली आणि कपड्यांची वाट लागली.

पण खरी गंमत कमानीपाशी झाली. जॉर्ज तंबू ठोकतोय, काच तयार करतोय हे बघून तिथं फिरायला आलेली काही मंडळी फोटोच्या चौकटीत येऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. अर्धा तास ती तशीच बसून राहिली. काम संपल्यावर त्यातला एक जण फोटोची किंमत विचारायला आला. जॉर्जनं सांगितलं की मी धंदेवाला नाही, हौस म्हणून काढतोय. गृहस्थ भडकलाच. विकायचे नव्हते तर आम्हाला उन्हात कशाला बसवलं, हौशी आहेस अशी पाटी तरी गळ्यात अडकवून फिर, अशा अर्थाचं बरंच काही त्यानं सुनावलं.

हा किस्सा जॉर्ज पुढं अनेक वर्षं सांगायचा. त्या काळात कॅमेरा घेऊन उभा राहिलेला माणूस नुसता हौशी असेल, हे लोकांच्या डोक्यातसुद्धा येत नव्हतं. एवढा खटाटोप मजेसाठी कोण करणार?

जॉर्जला मजेची सवयही फारशी नव्हती. त्याचा जन्म १२ जुलै १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावातला. तो आठ वर्षांचा व्हायच्या आधीच वडील गेले. आई मारियानं घरात भाडेकरू ठेवून, त्यांना जेवू घालून तीन लेकरं वाढवली. एका बहिणीला पोलिओ होता, ती १८७० मध्ये वारली. त्याच्या दोन वर्षं आधीच, चौदाव्या वर्षाच्या आसपास जॉर्जनं शाळा सोडून एका विमा ऑफिसात पोऱ्याची नोकरी धरली होती. पगार आठवड्याला तीन डॉलर. आईला पुन्हा कष्ट पडू नयेत हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. बँकेची नोकरी मिळाल्यावर कुठं घर सावरलं होतं.

त्यामुळं पुढं त्यानं जे केलं, त्यात जोखीम केवढी होती हे लक्षात येतं.

एका इंग्लिश मासिकात त्यानं वाचलं की जिलेटिन लावलेल्या कोरड्या प्लेटा बनवता येतात. कोरड्या म्हणजे आधी तयार करून ठेवायच्या आणि नंतर सवडीनं धुवायच्या. तंबूची गरजच नाही. दिवसभर बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असं चक्र सुरू झालं. कित्येक रात्री तो चुलीशेजारी जमिनीवरच झोपायचा. १८७९ मध्ये प्लेटांवर एकसारखा थर देणाऱ्या मशिनचं पेटंट त्यानं लंडनला जाऊन घेतलं. १८८० मध्ये रोचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवर एका इमारतीचा तिसरा मजला भाड्यानं घेतला. भांडवल घातलं हेन्री स्ट्राँगनं. या स्ट्राँगचा धंदा होता घोडागाडीचे चाबूक बनवायचा! १८८१ मध्ये बँकेत वरची जागा रिकामी झाली, ती जॉर्जला न देता एका संचालकाच्या नातेवाइकाला दिली गेली. जॉर्जनं नोकरी सोडली.

आणि काही महिन्यांत धंदा बुडायची वेळ आली.

फोटोग्राफी तेव्हा उन्हावर चालायची, म्हणून हिवाळ्यात मागणी थंड. मोठ्या व्यापाऱ्यानं प्लेटा हिवाळाभर साठवून ठेवल्या आणि १८८२ मध्ये त्या ग्राहकांकडं गेल्या तेव्हा निकामी निघाल्या. जुन्या झाल्या की प्लेटांची ताकद उतरते, हे कुणाला नीट माहीतच नव्हतं. त्यात नव्या प्लेटाही बिघडू लागल्या. जॉर्जनं विकलेला माल परत घेतला, बदलून दिला, कारखाना बंद ठेवला आणि इंग्लंड गाठलं. तिथं कळलं की दोष जिलेटिनमध्ये आहे. तो का आला, याचा उलगडा पुढं १९२० च्या दशकात झाला. जिलेटिन बनतं जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीवर्गातल्या वनस्पती असायच्या, त्यांच्या जिलेटिनमधल्या गंधकामुळं प्लेट जास्त संवेदनशील व्हायची. थोडक्यात, फोटो चांगला येणं गाईनं काय खाल्लं यावर अवलंबून होतं.

माल परत घेण्यात कंपनी खंक झाली, पण लोकांचा विश्वास टिकला.

त्यानंतर जॉर्जनं काचच काढून टाकायचं ठरवलं. काचेऐवजी गुंडाळता येणारा कागदाचा रोल आणला. व्यावसायिक फोटोग्राफरांनी तो नाकारला, कारण काचेएवढा स्वच्छ फोटो त्यावर येत नव्हता. इथं जॉर्जचं डोकं वेगळं चाललं. व्यावसायिकांना नको असेल तर ज्यांनी आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नाही, त्यांना विकायचा.

१८८८ मध्ये कोडॅक आला. नावाला काही अर्थ नाही. जॉर्जला के अक्षर आवडायचं, म्हणून आईसोबत अक्षरं जुळवत बसून त्यानं हे नाव तयार केलं. कॅमेरा म्हणजे हातात मावणारी एक पेटी. दोरी ओढा, बटण दाबा, चावी फिरवा, झालं. बघायला भिंग नाही, वरच्या बाजूला व्ही आकाराच्या रेघा, त्या रोखून अंदाजानं नेम धरायचा. आत शंभर फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेरा पोस्टानं रोचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये कारखाना फोटो धुऊन, पुठ्ठ्यावर चिकटवून, कॅमेऱ्यात नवा रोल भरून परत पाठवणार. रोल दुकानात धुवायला टाकायची आणि आठवडाभर वाट बघायची जी सवय आपल्या आई-वडिलांच्या पिढीला होती, तिचं मूळ हे.

जॉर्जनं लावलेला खरा शोध हाच म्हणायला हवा. यंत्र त्याच्याआधीही होती. पण लोकांना फोटोग्राफी नको असते, त्यांना फिरायला गेलेला तो दिवस हवा असतो, हे त्यानं ओळखलं आणि बाकीचं काम स्वतःकडं घेतलं.

या पेटीला ऊन मात्र भरपूर लागायचं. शटरचा वेग ठरलेला, भिंग ठरलेलं, घरातल्या उजेडात काहीच उमटायचं नाही. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा. सुरुवातीच्या कोडॅक फोटोंत समुद्रकिनारे, होड्या, सायकली, गवतावरची जेवणं एवढी दिसतात त्याचं एक कारण हे. पूर्वी उन्हाळा फोटोचा शत्रू होता, आता तोच हंगाम झाला.

किंमत होती २५ डॉलर. जॉर्जच्या पहिल्या नोकरीतल्या आठ आठवड्यांच्या पगाराहून जास्त. म्हणजे गरिबाला परवडणारा हा कॅमेरा नव्हताच. ते झालं १९०० मध्ये, ब्राउनीमुळं. पुठ्ठ्याचा डबा, किंमत एक डॉलर, रोल १५ सेंटला, गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी पोरं. पहिल्याच वर्षात लाखाहून जास्त ब्राउनी खपले.

जाहिराती सुरुवातीला जॉर्ज स्वतः लिहायचा. पुढं त्यांत एकटी फिरायला निघालेली, हातात कॅमेरा असलेली कोडॅक गर्ल आली. हळूहळू जाहिरातींचा सूर असा झाला की कॅमेरा नेला नाही तर सुट्टी फुकट गेली. फिरायला जाऊन फोटो नाही काढला तर गेल्यासारखं वाटत नाही, ही आजची बेचैनीसुद्धा याच कंपनीची देणगी आहे. दुसरीकडं न विचारता फोटो काढणाऱ्यांनी लोक वैतागले. १८९० मध्ये अमेरिकेत सॅम्युएल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस या वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात झटपट फोटोंचा उल्लेख आहे.

या यशाला एक डागही आहे. कोडॅकची पारदर्शक फिल्म १८८९ मध्ये आली. पण हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्यानं तशाच फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. पेटंट मिळायला त्याला ११ वर्षं लागली आणि १९०० च्या शेवटी तो वारला. त्याचं पेटंट दुसऱ्या कंपनीकडं गेलं, तिनं खटला लढवला आणि १९१४ मध्ये कोडॅकला ५० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. गुडविनला ते बघायला मिळालं नाही.

पैसा आल्यावर जॉर्जनं राहिलेल्या सुट्ट्या भरून काढल्या. युरोपात सायकलवर भटकला, रानात तंबू टाकून सोबत्यांना स्वतः रांधून घातलं, सत्तरी ओलांडल्यावर दोनदा आफ्रिकेत सफारीला गेला. फेब्रुवारी १८९० मध्ये एका जहाजाच्या डेकवर हातात कोडॅक घेऊन उभा असलेला त्याचा गोल फोटो प्रसिद्ध आहे. पण त्याला स्वतःचे फोटो छापून आलेले आवडायचे नाहीत. ज्या रोचेस्टरचा तो सगळ्यात मोठा माणूस होता, तिथल्या रस्त्यांवरसुद्धा अनेकांना तो ओळखू यायचा नाही. एमआयटी या संस्थेला त्यानं कोट्यवधी डॉलर दिले तेही मिस्टर स्मिथ या खोट्या नावानं. आयुष्यात एकूण दहा कोटी डॉलरहून जास्त वाटून टाकले.

लग्न त्यानं केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली, त्या दिवशी त्याला रडू आवरत नव्हतं. पुढं रोचेस्टरमध्ये संगीतशाळा उभारली, तेव्हा तिथल्या एका सभागृहाला आईचं माहेरचं किलबर्न हे नाव दिलं.

शेवटच्या काळात मणक्याच्या आजारानं त्याला चालणंही कठीण झालं. १४ मार्च १९३२ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या अस्थी कोडॅकच्या कारखान्याच्या आवारात आहेत. राहतं घर १९४९ मध्ये फोटोग्राफीचं संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुलं झालं. नावाजलेल्या फोटोग्राफरांच्या कामाबरोबर तिथं अनामिक हौशी लोकांनी आपल्या सहलींत काढलेले, कडेनं जरा तिरके आलेले गोल फोटोही जपून ठेवलेले आहेत.